पांढरं कासव, पिवळा साप आणि सुरतेचं ऊन

रंगीत माशांच्या दुकानात हिरव्या पिल्लांच्या गर्दीत एखादं फिकट पिवळं, लाल डोळ्यांचं कासव असतं आणि त्याचे पैसे जास्त सांगितले जातात. सुरतेतल्या गोडादरा, डिंडोली, लिंबायत, पर्वत पाटिया या पट्ट्यातल्या मराठी घरांत अल्बिनो प्राणी येतो तो बहुतेक याच रूपानं. कधी मुलाचा हट्ट असतो, कधी कोणीतरी वास्तूसाठी कासव ठेवायला सांगितलेलं असतं, आणि पांढरं म्हटल्यावर ते जास्तच शुभ. थोडे हौशी लोक पुढं जाऊन लेपर्ड गेको पाली किंवा बॉल पायथन पाळतात. काही महिन्यांनी मग तक्रारी सुरू होतात. डोळे उघडत नाही, खात नाही, कवच मऊ लागतंय. ‘अल्बिनोच तो, नाजूक असणारच’ असं म्हणून घरचे मोकळे होतात.

माझं म्हणणं उलट आहे. यातले बहुतेक प्राणी रंग नसल्यामुळं मरत नाहीत. गार पाणी, घाण पाणी, चुकीचं खाणं आणि चुकीचा दिवा यांनी मरतात, म्हणजे हिरवं कासव ज्यानं मरतं त्यानंच. खरा फरक आहे तो प्रकाशाचा. तेवढी एक गोष्ट अल्बिनोसाठी मुळापासून वेगळी मांडावी लागते, आणि ती चुकली की बाकी सगळं बरोबर करूनही प्राणी कुढत राहतो.

आधी नेमकं काय कमी आहे ते बघू. माणसाच्या किंवा उंदराच्या अंगावर रंग मुख्यतः मेलॅनिनचा, त्यामुळं ते गेलं की प्राणी पांढरा पडतो. सरपटणाऱ्यांच्या कातडीत मात्र तीन वेगळ्या प्रकारच्या रंगपेशी असतात: काळ्या-तपकिरी रंगाच्या, पिवळ्या-लाल रंगाच्या आणि प्रकाश परतवून चमक देणाऱ्या. अल्बिनोमध्ये पहिल्या पेशी असतात, पण त्यांत मेलॅनिन तयार होत नाही. बाकीच्या दोन शाबूत राहतात. म्हणून अल्बिनो बॉल पायथन पांढऱ्यावर गर्द पिवळा दिसतो, अल्बिनो कॉर्न स्नेक नारिंगी-लाल दिसतो आणि कासवाचं पिल्लू लोण्याच्या रंगाचं. जो साप अगदी शुभ्र आहे आणि ज्याचे डोळे काळे किंवा निळे आहेत, तो अल्बिनो नव्हे. त्याच्या डोळ्यांत रंग आहे, त्याला उजेडाचा तितका त्रास नाही. ओळख पटवायची ती बाहुलीवरून, खोलीतल्या साध्या उजेडात. त्यासाठी डोळ्यावर टॉर्च मारू नका, मोबाइलचा फ्लॅश तर नाहीच नाही.

डोळ्यातलं मेलॅनिन शोभेसाठी नसतं. बुबुळात ते असतं म्हणून उजेड फक्त बाहुलीतून आत जातो, आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यापाठी ते असतं म्हणून आत आलेला जादा उजेड शोषला जातो. अल्बिनोचा डोळा म्हणजे पश्चिमेकडं खिडकी असलेली, पडदे नसलेली खोली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी जनुक-संपादन करून तपकिरी अ‍ॅनोल सरड्याची अल्बिनो पिल्लं जन्माला घातली. सरपटणाऱ्या प्राण्यांत जनुक-संपादनाचा तो पहिला यशस्वी प्रयोग. त्यांनी नेमकं अल्बिनो करण्यामागं एक कारण डोळ्याचं होतं: रंगद्रव्य नसलेल्या माणसांची नजर अधू का राहते, ते अभ्यासायला या सरड्याचा डोळा सोयीचा आहे. तेव्हा तुमचं कासव दुपारी डोळे मिटून कोपऱ्यात बसत असेल तर तो लाजाळूपणा समजू नका.

इथंच पेच आहे. डोळ्यांना त्रास होतो म्हणून कासव अंधारात ठेवलं तर त्याला अतिनील किरण मिळत नाहीत. ते मिळाले नाहीत की कातडीत ड-३ जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम पचत नाही आणि कवच-हाडं मऊ पडतात. उजेडात ठेवलं तर डोळा आणि कातडी दोन्ही होरपळतात, कारण कातडीतही ऊन अडवायला मेलॅनिन नाही. यातून मार्ग आहे. उजेड कमी, पण ठरलेला. आणि त्यातून बाजूला व्हायची मोकळीक प्राण्याच्या हातात.

खिडकीतलं ऊन यात धरू नका. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण ड-३ बनवणारे यूव्हीबी किरण काच जवळजवळ सगळे अडवते. खिडकीशी काचेची टाकी ठेवली तर डोळ्यांना त्रास आणि पाणी तापणं एवढंच पदरात पडतं. गच्चीवरचं थेट ऊन हे खरं औषध, पण सुरतेचं ऊन तोलूनमापून द्यायला हवं. उन्हाळ्यात भर दुपारी इथला अतिनील निर्देशांक दहाच्या वर जातो. दुकानात मिळणाऱ्या साध्या स्लायडर कासवाला ऊन खायच्या जागेवर दोन-तीन पुरतात. अल्बिनोसाठी मी एकच्या खालीच थांबेन. म्हणून उन्हाळ्यात सकाळी आठच्या आतलं कोवळं ऊन, तेही दहा-पंधरा मिनिटं. काचेच्या टाकीत नव्हे, प्लास्टिकच्या पसरट टबात, आणि टबाचा अर्धा भाग फळीनं झाकलेला. हिवाळ्यात वेळ थोडी वाढवता येते. तिथून हलू मात्र नका. गच्चीवरचे कावळे आणि घारी पांढरं पिल्लू लांबूनही हेरतात.

ज्यांना गच्ची नाही, त्यांनी यूव्हीबीची नळी आणावी. बॉल पायथन, लेपर्ड गेको यांसारखे संध्याकाळी हालचाल करणारे प्राणी सावलीतच वावरतात, त्यांचं थोडक्यात भागतं. कासव मात्र ऊन खाणारं. दुकानदार दहा-बारा टक्क्यांची वाळवंटी नळी पुढं करेल. तुम्ही पाच-सहा टक्क्यांची मागा. ती टाकीच्या एकाच टोकाला, बसायच्या जागेपासून एक-दीड फूट वर लावायची, म्हणजे दुसरं टोक आपोआप सावलीत राहतं. नळी आणि प्राणी यांच्यामध्ये काच किंवा प्लास्टिक नको. सुरुवातीला दिवसाचे दोन-तीन तास पुरे. प्राणी काय करतो ते पाहा. नळीखाली येऊन डोळे उघडे ठेवून बसत असेल तर बरोबर. दिवा लागताच पाण्यात बुडी मारत असेल तर नळी आणखी वर घ्या किंवा मध्ये बारीक जाळी टाका. नळी पेटत असली तरी तिचे किरण सहा महिने ते वर्षभरात ओसरतात. लावल्याची तारीख तिच्यावरच स्केचपेननं लिहून ठेवा.

ऊब आणि उजेड हे दोन वेगळे विषय आहेत, आणि अल्बिनोच्या बाबतीत ते वेगळेच ठेवायचे. पांढरा प्रखर बल्ब लावून दोन्ही कामं एकदम उरकायची सवय घातक. साप आणि गेकोसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर किंवा टाकीखालची गरम चटई घ्या, आणि दोन्हींना थर्मोस्टॅट हवाच. चटई थेट विजेला जोडली तर ती तापतच राहते आणि साप भाजला तरी उठत नाही, कारण पोटाखालची उष्णता ओळखून बाजूला होण्यात तो कच्चा असतो. ‘लाल बल्ब त्यांना दिसत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. दिसतो. रात्र काळोखीच राहू द्या. टाकीच्या तीन बाजूंना मागून गडद कागद चिकटवला, तळाशी पांढऱ्या खड्यांऐवजी काळसर तळ ठेवला, तर परावर्तित उजेड बराच कमी जाणवतो. या कामाला फार तर पन्नास रुपये लागतात, आणि मला विचाराल तर महागड्या दिव्याआधी हेच करा.

आता कासवाकडं नीट वळू, कारण गोडादऱ्यातल्या दहा घरांतला प्रश्न तोच असणार. हे रेड इअर्ड स्लायडर मूळचं अमेरिकेतलं. नाण्याएवढं आणलेलं पिल्लू मोठं होऊन मादी असेल तर पाऊण ते एक फुटापर्यंत वाढतं, आणि नीट ठेवलं तर वीस-तीस वर्षं जगतं. प्लास्टिकचं नारळाचं झाड असलेली ती छोटी ताटली त्याला महिनाभरही पुरत नाही. पाण्याची खोली निदान त्याच्या कवचाच्या लांबीच्या दुप्पट हवी, आणि पूर्ण कोरडं होता येईल असा एक उतरता ओटा हवा. अल्बिनो पिल्लाची नजर मंद असते, त्यामुळं सुरुवातीला पाणी उथळ ठेवा आणि ओट्याची जागा बदलू नका. ते जागा पाठ करून चालतं. पाणी २५ ते २८ अंश, ओट्यावर ३२च्या आसपास. हात बुडवून अंदाज घेऊ नका, शे-दोनशेचा थर्मामीटर मिळतो.

डोळे सुजून बंद होणं ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि सगळ्यात जास्त चुकीचा अर्थ लावली जाणारी. अल्बिनो उजेडात डोळे किलकिले करतो, पण अंधारात उघडतो. पापण्या फुगून, चिकटून, अंधारातही बंद राहत असतील तर तो रंगाचा प्रश्न नव्हे. एक कारण म्हणजे अ जीवनसत्त्वाची कमतरता: सुकट झिंगे आणि एकाच डब्यातल्या काड्या महिनोन्‌महिने खाल्ल्याचं फळ. दुसरं म्हणजे अमोनियानं भरलेलं पाणी. उजेड मंद करून दोन दिवसांत फरक पडला नाही तर पाणी पूर्ण बदला आणि डॉक्टर गाठा. माणसांचे अ जीवनसत्त्वाचे थेंब स्वतःच्या मनानं देऊ नका. प्रमाण जास्त झालं की कासवाची कातडी सोलून निघते.

खाण्यात वाढत्या पिल्लाला चांगल्या प्रतीच्या कासवाच्या गोळ्या रोज, त्याच्या डोक्याएवढ्या आकारमानाच्या. मोठ्याला गोळ्या एकाआड एक दिवस आणि पाला रोज. आपल्याकडं यासाठी काही मागवावं लागत नाही. शेवग्याचा पाला कॅल्शियमचा साठा आहे. कोथिंबीर, गाजराचा कीस, लाल भोपळा, तळ्यातली जलपर्णी नीट धुऊन. पालक टाळा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून टाकतं. पोळी, भात, पोहे, पनीर, गाठिया यातलं काहीही नाही. ‘आमचं कासव शाकाहारी आहे’ असं सुरतेत अभिमानानं सांगणारे भेटतात. श्रद्धेचा मान ठेवून सांगतो, स्लायडरच्या पिल्लाला प्राणिज प्रथिनं लागतात. उकडलेल्या माशाचा तुकडा किंवा गांडूळ घरात आणायला जमणार नसेल तर निदान गोळ्या तरी माशाच्या भुकटीच्या घ्या. दिसत कमी असल्यानं अल्बिनो वासावर खातं, म्हणून खाणं रोज त्याच कोपऱ्यात टाका आणि अर्ध्या तासानं उरलेलं काढा.

पांढऱ्या कवचाचा एक फायदा आहे, तो वापरून घ्यावा. कवच अर्धपारदर्शक असल्यामुळं खालचा गुलाबीपणा दिसतो. काही घरं त्यालाच रोग समजतात, आणि काही खऱ्या रक्तदोषाच्या लालीला ‘अल्बिनो आहे’ म्हणून सोडून देतात. प्राणी ठणठणीत असताना पोटाकडून आणि पाठीकडून फोटो काढून ठेवा, फ्लॅशशिवाय, त्याच ट्यूबलाइटखाली. दर महिन्याला तसाच फोटो. एखाद्या ठिकाणी लाल शिरा वाढल्या, तांबडा पट्टा पसरला, एखादा भाग खोलगट किंवा मऊ झाला, तर जुन्या फोटोशेजारी ठेवून लगेच कळतं. हिरव्या कासवात हे कित्येकदा उशिरा लक्षात येतं. बोअरच्या जड पाण्यानं कवचावर क्षाराचा पांढुरका थर चढतो, तोही याच फोटोंमुळं बुरशीपासून वेगळा ओळखता येतो. कवच लिंबू-मिठानं घासणं, खोबरेल किंवा मोहरीचं तेल चोळणं हे सगळं बंद. एका बाजूला कलून पोहणं, तोंड उघडून श्वास घेणं, नाकातून बुडबुडे येणं ही न्यूमोनियाची चिन्हं. तिथं एक दिवसही थांबू नये.

लहान मुलांच्या घरासाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. कासवं सुदृढ दिसत असतानाही त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू येतात. अमेरिकेत याच कारणानं १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. टाकी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका, तिची बादली वेगळी ठेवा, आणि हात लावल्यावर साबण. पाच वर्षांखालच्या पोरानं कासवाचा मुका घेतलेला व्हिडिओ गोड वाटतो. तो काढू नये.

गेको आणि सापांचं थोडक्यात. लेपर्ड गेको शिकार डोळ्यांनी करतो, त्यामुळं अल्बिनो गेकोचे नेम चुकतात. किडे मोकळे सोडण्याऐवजी गुळगुळीत काठाच्या वाटीत किंवा चिमट्यानं द्या, कॅल्शियमची पूड लावून, आणि संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर. शेताच्या बांधावरचे नाकतोडे फवारणीचे असू शकतात, ते टाळा. गरम बाजू ३२-३३ अंश, थंड बाजू पंचविशीत, आणि कात टाकायला ओलसर डबा. बॉल पायथनचं नजरेवाचून अडत नाही. ओठांवरच्या उष्णता टिपणाऱ्या खाचांनी तो उंदीर हेरतो. त्याला लपायला अंगाबरोबर बसेल इतकी घट्ट जागा द्या, गरम बाजूला एक आणि थंड बाजूला एक. खायला गोठवून मग कोमट केलेला उंदीर. जिवंत उंदीर सापाला चावून जखमी करतो, आणि घरात पकडलेला उंदीर तर बहुधा विष खाल्लेला असतो. कैदेतल्या अल्बिनो बॉल पायथनची पैदास पहिल्यांदा १९९२ मध्ये अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी केली. हा गुण आईबाप दोघांकडून यावा लागतो, म्हणून तो टिकवायला पुष्कळदा नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या. त्यामुळं विकत घेताना मणक्यात बाक, डोळे असमान लहान, मान वाकडी असं काही दिसलं तर रंगाला भुलू नका. दुकानातच समोर खाऊ घालायला लावा. जो प्राणी दुकानात खात नाही तो तुमच्याकडं येऊन खाईल याचा काही भरवसा नाही.

गोडादऱ्यातल्या घराबद्दल आता. ज्याच्या खाली किंवा भिंतीला लागून लूम किंवा एम्ब्रॉयडरीची मशिनं धडधडतात, त्या मजल्यावर सापाची टाकी जमिनीवर ठेवू नये. सापाला बाहेरून कान नाहीत, पण जबड्यातून जमिनीचे हादरे त्याला चांगले कळतात. जाड फोम किंवा रबरी चटईवर, मशिनच्या भिंतीपासून लांब ठेवा. वरचा मजला पत्र्याचा असेल तर एप्रिल-मेमध्ये खोली सहज चाळिशीवर जाते, आणि बहुतेक पाळीव साप-पाली अडतिसाच्या पुढं फार वेळ तग धरत नाहीत. त्या दिवसांत हीटरची नाही, गारव्याची व्यवस्था लागते: टाकी तळमजल्यावर, सगळ्यात आतल्या खोलीत, दुपारी टाकीवर ओलं फडकं आणि शेजारी पंखा, फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून बाहेरून टेकवलेल्या. बारा तासांच्या पाळीला जाणाऱ्यानं हे कोण बघणार ते आधी ठरवावं.

पावसाळा मात्र सगळ्यात फसवा. हवेत आर्द्रता ८०-९० टक्के, अंथरलेला भुसा दमट, आणि मग सापाच्या पोटावर फोड, गेकोच्या बोटांना सूज. जून ते सप्टेंबर भुशाऐवजी टिशू पेपर किंवा कोरा कागद अंथरावा आणि रोज बदलावा. छापील वर्तमानपत्राची शाई फिकट अंगाला लागते. अपाय फारसा नाही, पण पोटावरचे डाग लपतात. खाडीचं पाणी हा या भागाचा वेगळाच विषय. जून २०२५ मध्येही लिंबायत, पर्वत पाटिया, गोडादरा या बाजूला खाडीपुरानं दिवसच्या दिवस पाणी उभं होतं. तळमजल्यावर टाकी असेल तर झाकणाला भोकं पाडलेला, चिटकणी लागणारा एक प्लास्टिकचा डबा तयार ठेवा, आणि पाणी चढायला लागलं की प्राणी आधी वर. लाईट गेल्यावर दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यानं यातलं काही मरत नाही. गटारमिश्रित पाण्यात तरंगल्यानं मात्र मरतं.

डॉक्टरचा प्रश्न अवघड आहे. सुरतेत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ, सरपटणाऱ्यांवर हात बसलेले थोडे. प्राणी निरोगी असतानाच फोन करून विचारून ठेवा: कासव, साप बघता का, एक्स-रे काढता का? नवसारीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथून तासाभराच्या अंतरावर आहे, तेही ध्यानात असू द्या. जाताना प्राणी कोरड्या कापडी पिशवीत किंवा भोकांच्या डब्यात, वर काळं फडकं. टाकीच्या तापमानाच्या नोंदी, नळीची तारीख, महिन्याचे फोटो बरोबर न्या. डॉक्टरचं निम्मं काम त्यानं होतं. आणि एक धोक्याची सूचना ठळकपणे: गोचीड-खरजेसाठी सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला प्राणघातक आहे. कुत्र्याच्या उरलेल्या इंजेक्शनमधून कासवाला थोडं, असं कुणी सुचवलं तर तिथून उठून या.

कायद्याकडं काही जण कानाडोळा करतात, पण इथं तो प्राण्याच्या प्रकृतीशीही जोडलेला आहे. पावसाळ्यात खाडीकाठी किंवा बांधकामाच्या खड्ड्यात एखादा पांढरा नाग, पिवळट धामण निघाली की बघ्यांची गर्दी होते, दुधाची वाटी येते, हळदकुंकू येतं. साप दूध पचवत नाही. तहानेनं व्याकूळ केलेला तोंड लावतो एवढंच, आणि श्वासनलिकेत दूध गेलं तर न्यूमोनियानं मरतो. पांढरा असला तरी नाग नागच. विषात रंगद्रव्य नसतं, तेव्हा अल्बिनोचं विष फिकं पडत नाही. लांब राहा, वनखात्याला किंवा गुजरातच्या १९६२ क्रमांकाच्या करुणा अ‍ॅम्ब्युलन्सला कळवा. पकडून टाकीत ठेवणं म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली थेट गुन्हा. जुलै २०२०मध्ये ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात सुजानपूरच्या गावकऱ्यांना पूर्ण पिवळं देशी कासव सापडलं, त्यांनी ते वनखात्याच्या हवाली केलं आणि देशभर त्याचं कौतुक झालं. योग्य तेच होतं.

आणखी एक फसगत बर्मीज अजगराची. पिवळाधमक अल्बिनो अजगर ‘परदेशी आहे, चालतो’ म्हणून दाखवला जातो. हा अजगर आपल्या ईशान्य भारतात निसर्गतः राहतो, त्यामुळं तो संरक्षित प्राणी आहे, रंग कुठलाही असो. बॉल पायथन, हिरवा इग्वाना यांसारख्या आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांसाठी याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि फेब्रुवारी २०२४ मधल्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते; पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला तर तेही कळवावं लागतं. विकणाऱ्याकडून कागद मागा. कागदाशिवाय स्वस्तात मिळालेला प्राणी आजारी पडला की लोक दवाखान्यात न्यायला कचरतात, आणि त्यातच तो जातो.

स्लायडर देशी नाही, त्यामुळं देशी कासवं पाळण्यावरची बंदी त्याला लागू होत नाही. पण नको झालं म्हणून ते तापीत, मीठी खाडीत किंवा देवळाच्या तळ्यात सोडणं हा सगळ्यात वाईट उपाय. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. केरळात २०१८ मध्ये ते त्रिशूरजवळ ओढ्यात सापडलं आणि तिथल्या वन संशोधन संस्थेला लोकांकडून स्लायडर गोळा करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. तुमचं पांढरं कासव असं बाहेर सोडलं तर फार दिवस टिकायचं नाही, पण त्याच्यासोबत सोडलेलं हिरवं टिकेल आणि देशी कासवांची ऊन खायची जागा, खाणं बळकावेल. म्हणून विकत घ्यायच्या दिवशीच दुकानदाराला विचारा, मोठं झाल्यावर परत घेणार का, आणि तसं बिलावर लिहून घ्या. तो नाही म्हणाला तर सोसायटीत, नात्यात कोण सांभाळू शकेल ते आधी बघा. गावी दोन महिने जायचं असेल तेव्हा ज्याच्याकडं ठेवणार, त्याला नळीचं अंतर, गोळ्यांचं माप आणि डॉक्टरचा नंबर टाकीवरच चिकटवून द्या.